बुडीत बावखल

॥ श्री ॥

कोपरवाडी, ता. वसई
१४ ऑगस्ट १९८३

ती. सौ. द्वारकाताईस,
आत्मारामचा शि. सा. न. वि. वि.

आधी एवढं वाच: आम्ही सगळे जिवंत आहोत. पेपरात वसईचं नाव बघून तू भुसावळात देव पाण्यात घालून बसली असशील. त्यांना आता बाहेर काढ, पाणी इथे पुरेसं झालं आहे.

मंगळवारी दुपारी उधाणाची भरती आणि वरून पाऊस, दोघांनी एकदमच गाठलं आणि खाडीचा बांध फुटला. मी ओटीवर उभा होतो. मालगाडी रुळावरून उतरावी तसा आवाज झाला. बघतो तर खालच्या आळीत खाडीच शिरलेली. ताई, माणसं गायींच्या शेपट्या धरून वर येत होती. मिठागरावरचा जयराम तुला आठवत असेल, आबांशी पत्ते खेळायला यायचा तो. त्याचं घर माझ्या डोळ्यांदेखत बसलं. कोसळलं म्हणवत नाही. दमलेलं माणूस बसतं तसं बसलं. जयराम कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून नुसता बघत होता. 

आपल्या घराला काही झालं नाही. पाणी ओटीच्या खालच्या पायरीपर्यंत आलं, तिथून वळलं आणि वाडीतल्या बावखलात उतरलं. बावखल काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या धुण्याच्या दगडावर खाडीतला एक मोठा बोय मासा उड्या मारत होता. मी सुरी आणायला गेलो, तर प्रेमलता म्हणाली की तो जीव वाचवून आपल्या दारी आला आहे, त्याला तळायचं कसं. पूर माणसाला असं वेडं करतो.

खालच्या आळीतली माणसं चर्चच्या शाळेत राहिली आहेत. आपला शेजारी ॲन्सेल्म त्यांना रोज पाव पोचवतो. आमच्या मंदाचं कॉलेज बंद, त्यामुळे ती तेवढी खूष आहे.

भावोजींना नमस्कार. मोठ्या बहिणीची माया आहे तशी राहो, इतकंच मागणं.

तुझा
आत्माराम

---

भुसावळ
२० ऑगस्ट १९८३

चि. आत्मारामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र हातात पडलं आणि मी स्वयंपाकघरातच खाली बसले. आठ दिवस घशाखाली घास उतरत नव्हता. जयरामचं वाचून रडले. रडून झाल्यावर बोय माशाचं वाचून हसले, आणि हे म्हणाले की तुमच्या माहेरची माणसं बुडतानासुद्धा गप्पा मारतील.

इथे शेजारणींना बावखल म्हणजे काय ते सांगता सांगता दमले. ना विहीर, ना नदी. आजोबांनी वाडीच्या पोटात खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, पावसाळ्यात भरायचं आणि वर्षभर पानवेलींना पाजायचं. त्यांना वाटतं मी बढाया मारते. इथे नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही बादलीच्या बुडाला लाजत लाजत. रात्री डोळे मिटले की मी त्या दगडावर बसलेली असते, पाय पाण्यात सोडून. खाडीचं पाणी शिरलं आहे, तेव्हा बावखल काही दिवस मचूळ लागेल. परतीच्या पावसात धुऊन निघेल, आबा नेहमी सांगायचे. तोवर घाबरू नकोस.

प्रेमलताला जप. पत्र पाठवायला उशीर करू नकोस. माझा जीव टांगणीला लागतो.

तुझी
ताई

---

कोपरवाडी
९ जानेवारी १९८४

ती. सौ. ताईस,
आत्मारामचा शि. सा. न. वि. वि.

बावखल पुन्हा गोड झालं, आबा खरे ठरले. पण गावाचं तोंड कडू झालं आहे.

सरकारनं पाटी लावली आहे: ‘बुडीत मिळकतींची शासकीय खरेदी’. एक साहेब येऊन चर्चच्या शाळेत बसतात, घाटावरचे आहेत, हळू बोलतात. सांगतात की खालची आळी पुन्हा बुडणार, तेव्हा तिथली घरं आणि जागा सरकार विकत घेणार, लोकांना चिंचोटीच्या अंगाला डोंगराखाली उंचावर जागा देणार, आणि खालची आळी पाण्यासाठी मोकळी ठेवणार. मोकळी ठेवणार! ताई, सरकारनं कधी काही मोकळं ठेवल्याचं तू ऐकलंस का? स्टेशनाजवळ बिल्डिंगा उठताहेत. उद्या जयरामच्या चुलीवर कोणाचा तरी चौथा मजला असेल, असं ॲन्सेल्म म्हणतो आणि मला ते शंभर टक्के पटतं.

जयराम मात्र तयार आहे. त्याचं म्हणणं, ‘आता रातभर पानी बगत बसतो’, डोंगराखाली निदान झोप लागेल. लोक त्याच्याशी तुटक वागतात. मीही वागतो, खोटं कशाला सांगू.

पण मला खुपतो तो शब्द. बुडीत! दादरच्या बाजारात जो दलाल आपली केळी उचलून तोंड चुकवायचा, त्याला आबा बुडीत म्हणायचे. म्हणजे सरकारनं आम्हाला आधीच त्या खात्यात टाकलं की काय? त्यात आणखी एक. मोजणीची माणसं आपल्या वरच्या वाड्यांतही फिरली आणि प्रत्येक बावखलाच्या काठच्या दगडावर लाल फुली मारून गेली. आपल्याकडे तर नेमकी तुझ्या धुण्याच्या दगडावर. ॲन्सेल्म म्हणतो की फुली थडग्यावर असते. साहेबांना विचारायला जावं असं मी सुचवलं, पण गावच्या सभेत ठरलं की विचारायला जाणं म्हणजे आपणहून मान पुढे करणं. त्यामुळे कोणी गेलं नाही.

भावोजी इतकी वर्षं रेल्वेच्या कचेरीत आहेत. त्यांना कचेरीची भाषा कळते. बुडीत म्हणजे काय, ते विचारून लगेच कळव. गाव वाट बघतं आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
आत्माराम

---

भुसावळ
१७ जानेवारी १९८४

चि. आत्मारामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ह्यांना विचारलं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, घसा साफ केला आणि सांगितलं की कचेरीच्या भाषेत बुडीत म्हणजे जे पाण्याखाली गेलं ते. एवढं सांगायला त्यांना दोन कप चहा लागला.

आता मी माझं डोकं चालवते. जे पाण्याखाली ते बुडीत, आणि बुडीत ते सरकारचं. मग शहाण्या, तुझं बावखल बारा महिने पाण्याखाली असतं, त्याचं काय? लाल फुली उगीच नाही मारली! यावर एकच उपाय. शिमग्याच्या आत माती टाक, बुजव, वर केळी लाव. सरकार येऊन बघेल तर पाणीच नाही, बसेल हात चोळत! आणि माझा दगड तेवढा पार्सलनं भुसावळला पाठव, मी नळाखाली ठेवीन आणि बावखल समजून त्यावर बसेन.

बरं, थट्टा पुरे. तू त्या साहेबांना सरळ जाऊन विचार. हळू बोलणारी माणसं बहुधा खरं सांगतात. जयरामशी तुटक वागू नकोस. ज्याचं घर बसलं त्यालाच ते कळतं.

मंदासाठी आगाशीचं स्थळ आल्याचं प्रेमलतानं कळवलं होतं. नीट चौकशी कर. सर्वांना आशीर्वाद.

तुझी
ताई

---

कोपरवाडी
२२ मार्च १९८४

ती. सौ. वन्संस,
प्रेमलताचा शि. सा. न. वि. वि.

मी सहसा लिहीत नाही, ह्यांच्या पत्रात दोन ओळी घालते. हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे, त्याची माफी असावी.

वन्सं, बावखल बुजवलं.

तुमचं जानेवारीतलं पत्र ह्यांनी ॲन्सेल्मच्या ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. भुसावळच्या रेल्वे कचेरीतून अर्थ आला म्हटल्यावर माणसं कान टवकारून बसली. ‘हात चोळत बसेल’ इथे आल्यावर अशा टाळ्या पडल्या की पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. ह्यांनी पत्राची घडी घालून खिशात टाकली. मी आतून दारामागे उभी होते. घरी आल्यावर म्हटलं, की वन्संची थट्टेची सवय आपल्याला ठाऊक आहे. तर मला म्हणाले, ताई थट्टेतच खरं बोलते.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवसापासून चिंचोटीकडून लाल मुरमाचे ट्रक यायला लागले. खालच्या आळीतल्या पडलेल्या घरांच्या विटा, कौलं, तीही त्यातच. आमचं झालं, ॲन्सेल्मचं झालं, पलीकडची सगळी बावखलं झाली. जत्रा असावी तशी माणसं हसत होती. पोरांनी कासवं बादल्यांतून उचलून चर्चच्या विहिरीत सोडली. मुरूम पडला तेव्हा पाणी एकदा वर आलं, काठावरची माझी मोगऱ्याची रोपं भिजवून परत खाली गेलं. मला ते बघवेना. 

तुमचा दगड मी बुजवू दिला नाही. त्यावर बसूनच राहिले. शेवटी ह्यांनी चिडून तो पहारीनं काढला आणि मागच्या दाराशी टाकला. लाल फुलीसकट तिथे आहे.

जयराम परवा चिंचोटीला गेला. निरोप घ्यायला दाराशी आला होता, हे आतून बाहेर आले नाहीत. मी त्याच्या बायकोच्या ओटीत नारळ घातला.

मला रागावू नका. तुमच्या सावलीत ठेवा.

आपली
सौ. प्रेमलता

---

भुसावळ
२७ मार्च १९८४

आत्माराम,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही, ते तू समजून घे.

थट्टा होती रे! थट्टा! भुसावळात बसून भावाला हसवायला लिहिलेल्या चार ओळी होत्या. त्याच्याच खाली लिहिलं होतं की साहेबांना जाऊन विचार. ते का नाही वाचलंस? आजोबांनी खणलेलं, आबांनी दरवर्षी गाळ काढून राखलेलं, मी ज्यात पोहायला शिकले ते बावखल माझ्या पत्रावरून बुजलं? प्रेमलतानं लिहिलं म्हणून मला कळलं, तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

मला काही सुचत नाही. परवापासून माझ्या कानात मुरूम पडतो आहे. हे म्हणतात, सरकारनं घेतलं असतं तरी आहे तसं राहिलं असतं कदाचित. मी त्यांच्यावरही ओरडले.

अजून पावसाळ्याला अवकाश आहे. उकरून काढ. ऐकतोस ना? उकरून काढ.

ताई

---

कोपरवाडी
२० मे १९८४

ती. सौ. ताईस,
आत्मारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण रागावलो होतो. थट्टा होती तर ते वरच लिहायचं होतंस, असं उत्तर मनात तयारही ठेवलं होतं. आज ते लिहून टाकलं, पण त्यात आता दम राहिलेला नाही.

बावखल गेल्यापासून सगळं शिंपण विहिरीवर आलं. पंप सकाळ-संध्याकाळ चालला. मुरमावर लावलेली केळी पिवळी पडली, तेव्हा मी उन्हाला दोष दिला. पानवेलींच्या पानांच्या कडा करपल्या, तेव्हा वाऱ्याला दिला. प्रेमलता म्हणत होती की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मी म्हटलं, डाळ जुनी असेल.

गुरुवारी आगाशीची मंडळी मंदाला बघायला आली. मंदा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि प्रत्येक कपात दूध फाटून गोळे तरंगत होते. पोर जागच्या जागी लाल झाली. प्रेमलतानं नवं दूध आणवलं, पुन्हा चहा टाकला, तोही फाटला. मुलाचे वडील बागाईतदार आहेत. त्यांनी उठून तांब्यातलं पाणी चाखलं, मागे गेले, विहीर पाहिली, मुरमाचा लाल चौकोन पाहिला. परत येऊन मला विचारलं की बावखल होतं ना इथे, त्याचं काय केलंत. मी सांगितलं. ते मग म्हणाले की गोडं पाणी वरून दाबून असतं म्हणून खाडी खाली गप्प बसते, हे तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं का. ताई, सांगितलं होतं. शंभर वेळा सांगितलं होतं.

मुलगी पसंत आहे, पण विचार करून कळवतो, असं म्हणून ते गेले. कळवणार नाहीत. मंदा माझ्याशी बोलत नाही.

विहीर खारी झाली.  पुराच्या वेळी निदान पाणी बाहेरून आलं होतं.

तुझा
आत्माराम

---

कोपरवाडी
८ जून १९८४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल ते साहेब खालच्या आळीचा ताबा घ्यायला आले होते. या वेळी मी गेलो. मान पुढे करून गेलो, सभेला विचारलं नाही.

त्यांना वाडीत घेऊन आलो आणि म्हटलं की माझी वाडी आता उजाड झाली आहे, हीसुद्धा सरकारनं घ्यावी, आम्हालाही डोंगराखाली न्यावं. ते मुरमाच्या काठावर उभे राहिले, इकडे-तिकडे शोधल्यासारखं पाहिलं, मग विचारलं की फुलीचा दगड कुठे आहे. प्रेमलतानं मागच्या दाराशी नेऊन दाखवला.

ताई, ती फुली घ्यायची नव्हती, राखायची होती. जिथे फुली तिथे कोणी हात लावायचा नाही, अशी त्यांची खूण. गेल्या वर्षीचं पाणी या बावखलांनी पोटात घेतलं म्हणून वरच्या वाड्या वाचल्या, हे त्यांनी पावसातच येऊन बघून ठेवलं होतं. खालची आळी पाण्याला मोकळी आणि वरची बावखलं राखलेली, अशी सगळी मिळून ती योजना होती. आमची वाडी त्यांना नकोच होती. कधीच नको होती.

मी म्हटलं, मग आता घ्या. तेव्हा ते आणखी हळू बोलले. सांगितलं की पुरानं बिघडवलेलं सरकार विकत घेतं. माणसानं स्वतः बिघडवलेलं घ्यायची काही सोय नाही. आणि जाता जाता विचारलं की मी दोन महिने समोरच्या शाळेत बसत होतो, तुमच्यापैकी एकानं तरी येऊन का नाही विचारलं. मी खाली मुरमाकडे बघत होतो. ॲन्सेल्म कुंपणापलीकडे उभा होता, तोही खाली बघत होता.

पाऊस चार दिवसांवर आला आहे. मला घरात जावंसं वाटत नाही, बाहेर बसावंसं वाटत नाही.

आत्माराम

---

भुसावळ
१२ जून १९८४

चि. आत्मारामास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

मी येते. ह्यांनी पास काढला आहे, ते इथे पिठलं-भात करून राहतील.

तुझं पत्र वाचून मी माझ्या हाताकडेच बघत बसले. तू बुजवलंस, पण सुचवलं मी. आपल्या आबांचा शब्द तू विसरलास आणि माझा विनोद लक्षात ठेवलास. यापुढे पत्रात थट्टा करणार नाही, असं लिहायला बसले होते, पण ते मला जमायचं नाही. तेव्हा यापुढे थट्टेच्या डोक्यावर लाल फुली मारून पाठवीन, हात लावायचा नाही म्हणून.

घरात कुदळी किती आहेत ते बघ. नसतील तर ॲन्सेल्मकडून माग. त्यालाही लागणारच आहे, म्हणावं जोडीनं खणू. आणि जेव. उपाशी माणसाचा खड्डा खोल होत नाही.

ताई

---

कोपरवाडी
३० जुलै १९८४

ती. सौ. वन्संस,
प्रेमलताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. हाताचे फोड बरे झाले का? तुमच्यामागे मंदाच खणायला उतरते आणि बापाशी बोलते, निदान ‘टोपली द्या’ इतकं तरी.

तुम्ही गेल्यानंतर आठवड्यातच मोठा पाऊस झाला. आपण निम्मंच उकरलं होतं. जेवढं उकरलं तेवढं भरलं, बाकीचं पाणी ओटी चढून आत आलं आणि देवघराच्या उंबऱ्याला लागून थांबलं. वन्सं, गेल्या वर्षी पायरीवरून वळलेलं पाणी या वर्षी घरात! हे तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन उभे होते आणि खाली बघत होते. खालच्या आळीत पाणी पसरून गप्प पडलं होतं. तिथे कोणीच राहत नाही, त्यामुळे कोणी ओरडलंही नाही. चौथा मजला नाही, काही नाही. मोकळीच आहे.

दुसऱ्या दिवशी जयराम चिंचोटीहून सायकलला दोन डबे बांधून गोडं पाणी घेऊन आला. सगळ्यांदेखत आला. ह्यांनी त्याला ओटीवर बसवलं. दोघं आबांचे जुने पत्ते पिसत बसले.

काल ह्यांनी हट्टानं उकरलेल्या बावखलातलं पाणी काढून चहा करायला लावला. मी सांगत होते की खालून अजून खार वर येतो आहे, दोन-तीन पावसाळे गेल्याशिवाय ते गोड होणार नाही. ऐकलं नाही. चहा फाटला. मी कप उचलायला गेले तर ह्यांनी माझा हात धरला, आणि गोळ्यांसकट तो सगळा चहा पिऊन टाकला. मग ॲन्सेल्मला हाक मारली आणि दोघं पुन्हा खाली उतरले.

भावोजींना नमस्कार. आमच्यावरचं मन मोठं ठेवावं, दुसरं काय मागणार.

आपली
सौ. प्रेमलता

ता. क. तुमचा दगड परत काठावर बसवला आहे. त्यावरची फुली पावसानं पुसट झाली होती. आज सकाळी ह्यांनी रंगाचा डबा आणून ती स्वतःच्या हातानं पुन्हा लाल केली.